नांदगाव पेठ : कापूस, वीज आणि कापड

नांदगाव पेठ : महाराष्ट्रातील अमरावती तालुक्याचे गाव. अमरावती शहराच्या ईशान्येस, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर. वाटसरूंना ते टोलनाक्यामुळे, कामाच्या शोधातल्या तरुणांना औद्योगिक वसाहतीमुळे आणि सिंचनासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना वीजकेंद्रामुळे माहीत असते. वऱ्हाडात यंत्र कशासाठी आले, कोणाला फळले आणि कोणाला बाधले, हे पाहायला यापेक्षा सोयीचे गाव सापडणे कठीण.

वऱ्हाडात यंत्र आले ते कापसामागून. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावतीच्या बाजारांपर्यंत फाटे निघाले. घरोघरी हाताच्या रेच्यावर सरकी काढण्याचे काम वाफेच्या जिनांनी उचलले. रुई दाबून गठाणी बांधायच्या आणि मुंबईला पाठवायच्या, एवढ्यावरच इथला उद्योग थांबला. जमीनदार, सावकार, अडत्ये आणि जिनवाले श्रीमंत झाले. ज्वारीच्या शेतांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, उभी राहिली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत गाड्यांनी धान्य आणणे शक्य होते, पण काम बुडालेल्या मजुराला ते विकत घेणे परवडत नव्हते. रेल्वेने अंतर मिटवले, भूक मात्र मिटवली नाही. बडनेरा, अचलपूर, अकोला येथे पुढे कापडगिरण्या निघाल्या; अकोल्याच्या सावतराम मिलचे नाव जुनी माणसे अजून घेतात. त्या एकेक करून बंद पडल्या.

कापूस पिकतो तिथेच कापड विणायचे, ही मागणी त्यामुळे जुनी आहे. नांदगाव पेठच्या औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वस्त्रोद्योगासाठी जागा राखली, तेव्हा तिला पुन्हा ठोस रूप आले. सूत, विणकाम आणि तयार कपड्यांचे कारखाने इथे उभे राहिले. गावाकडची मुले-मुली पाळीवर जाऊ लागली आणि महिन्याचा ठरलेला पगार घरात येऊ लागला. कोरडवाहू शेतीच्या घरात अशा पगाराचे महत्त्व बाहेरच्या माणसाला सहज उमगत नाही : त्यातून मुलांची फी भरली जाते आणि सावकाराकडची फेरी टळते. कापसाच्या गिरणीतील धुळीने होणारा बिसिनोसिस हा श्वासाचा विकार आणि मागांच्या आवाजाने येणारा बहिरेपणा हे या धंद्याचे जुने आजार आहेत. हवा खेचणारी यंत्रणा आणि कानाची नियमित तपासणी असली, तर दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात. एक गंमत नोंदवायला हवी. इथल्या मोठ्या कारखान्यांपैकी रेमंडचा कारखाना लिननचा आहे. लिनन जवस वर्गातल्या झाडाच्या धाग्याचे असते आणि तो धागा प्रामुख्याने फ्रान्स-बेल्जियमकडून येतो. पऱ्हाटीच्या मुलखात युरोपातला धागा विणला जातो, याचा अर्थ एवढाच की उद्योग जमीन, वीज, पाणी आणि सवलती पाहून येतो. शेजारचे पीक पाहून येतोच असे नाही.

वीजकेंद्राची कथा याहून कडवट आहे. इंडियाबुल्स पॉवरने (नंतरचे नाव रतनइंडिया पॉवर) इथे २७० मेगावॉटचे पाच, एकूण १,३५० मेगावॉटचे कोळशावरचे संच उभारले. ते २०१३ ते २०१५ या काळात सुरू झाले. पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे. हे धरण बांधले गेले ते प्रामुख्याने सिंचनासाठी, आणि सिंचनाच्या अनुशेषाने ग्रासलेल्या जिल्ह्यात. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता, शेतीचा त्याखाली. शेतकरी आणि अनुशेष-निर्मूलनाचे कार्यकर्ते रस्त्यावर आणि न्यायालयात गेले. २०११ मध्ये सरकारने हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान दिले, पण आधी दिलेली वाटपे कायम राहिली. वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि पुण्या-मुंबईपर्यंत उपयोगी पडते. पाणी मात्र एकाच खोऱ्यातून जाते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असते. ही राख विटा, सिमेंट आणि रस्त्यांच्या भरावासाठी वापरता येते. उघड्यावर वाळू दिली, तर वाऱ्याबरोबर फुफ्फुसात जाते. औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा घातल्या आणि नंतर त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्या.

गिरणीच्या भिंतीबाहेर, शेतात, आरोग्याचा प्रश्न सर्वांत तीव्र झाला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणे जालन्याच्या महिको कंपनीच्या संकरित वाणांचे होते. बोंडात अळीला मारक प्रथिन तयार होत असल्याने हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या सुरुवातीला खरोखर कमी झाल्या. देशाचे उत्पादन २००२–०३ मधील सुमारे १३६ लाख गाठींवरून २०१३–१४ मध्ये ३९८ लाखांच्या आसपास गेले. मग रसशोषक किडी वाढल्या, आणि त्यामागून गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला दाद देईनाशी झाली. वाण संकरित, पीक लांब मुदतीचे, वेचणी संपल्यावरही पीक राखून फरदड घेण्याची सवय. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतात बोंडे असली की अळीची सोय होते. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेकडो जणांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक दगावले. बहुतेक रोजाने फवारणारे मजूर. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, उकाडा प्रचंड, दोन-तीन औषधांचे मिश्रण, अंगावर साधा सदरा. ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेत रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी लागते आणि अट्रोपीन वेळेवर द्यावे लागते. खेड्यातल्या दवाखान्यात या दोन्हींची खात्री नव्हती. चौकशीसाठी शासनाने विशेष तपास पथक नेमले.

शेतकरी आत्महत्यांचे खापर एकट्या बीटीवर फोडणे मात्र चुकीचे आहे. त्या आधीपासून होत होत्या. कर्ज, पावसाचा लहरीपणा आणि पडते भाव ही कारणे बियाण्यापेक्षा जुनी आहेत. शेतकऱ्यांचा एक मोठा गट नव्या बियाण्याच्या बाजूचाच आहे : जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला कापूस जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला.

नांदगाव पेठेतील वस्त्रोद्योगाला आता ‘पीएम मित्र’ योजनेची जोड मिळाली आहे. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या देशातील सात वस्त्रोद्योग उद्यानांपैकी अमरावती एक. पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील कार्यक्रमात झाली. गिरणी जवळ आल्याने कापसाचा भाव वाढत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा गिरण्यांना दिलासा मिळाला आणि बाजार समितीत धास्ती पसरली. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता.

पुढचे यंत्र वेचणीचे असेल. बुटकी, दाट लावलेली, एकाच वेळी बोंडे फुटणारी पऱ्हाटी त्यासाठी लागते आणि अकोल्याकडे अशा सघन लागवडीचे प्रयोग वाढत आहेत. लवकर निघणारे पीक बोंडअळीच्या तावडीतूनही सुटते, म्हणजे फवारण्याही घटतील. पण वेचणी हे किलोवर पैसे मिळवणाऱ्या बायांचे काम आहे आणि अनेक भूमिहीन घरांची दिवाळीनंतरची कमाई तिच्यावर चालते. उद्यानात किती नोकऱ्या निघाल्या हे शासनाने सांगावेच. त्याच तक्त्यात वेचणीचा किती रोज गेला आणि त्या बायांपैकी किती जणी गिरणीत लागल्या, हेही नोंदवावे.