नियम माहीत नव्हता, ही सबब कोणाची?

मुंबईत झाडे तोडली, खाडी बुजवली, नाला वळवला की विकासकाचे उत्तर ठरलेले असते: नियम किचकट आहेत, समजत नाहीत. मग पालिकेने ते त्यांना सोप्या भाषेत समजावून सांगावेत, असे कोणी म्हटले तर आमचा विरोध नाही, पाठिंबाच आहे. पण नियम न समजण्याची सवलत या शहरात आजवर कोणाला मिळाली, हेही एकदा पाहू.

नियम खरोखर विखुरलेले आहेत. झाडांसाठी 1975 चा राज्याचा कायदा. परवानगी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. किनाऱ्यासाठी केंद्राची सीआरझेड अधिसूचना, आधी 1991 ची, आता 2019 ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध. तिवरांसाठी उच्च न्यायालयाचा 2005 चा आदेश आणि 2018 चा निकाल. तिवरांभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा. एकाच भूखंडासाठी तीन दारे. पण ज्याच्याकडे वास्तुविशारद, सल्लागार आणि वकील आहेत, त्याला ही दारे सापडत नाहीत, यावर आम्ही विश्वास का ठेवावा?

मिठी नदीचेच पाहा. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या मुखाजवळची पाणथळ जमीन भरतीचे आणि पावसाचे पाणी पोटात घेत होती. ती भरून तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळासाठी नदीचे पात्र वळवले, आवळले. हे सारे चोरून नाही, मंजूर नकाशांनुसार झाले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि नदीने आपली जागा परत मागितली. त्यानंतर बोट कोणाकडे वळले? काठावरच्या झोपड्यांकडे. काठावर झोपड्या होत्या, हे खरेच. पण शेकडो हेक्टर पाणथळ झोपडीवाल्याने भरली नव्हती.

हे पहिल्यांदा घडले नव्हते. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, तरीही पदपथावरच्या माणसाला हटवण्याची मुभा कायम राहिली. 1997 साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या हटवण्याची कारवाई सुरू झाली. तिथे कोणी म्हटले नाही की यांना आधी नियम समजावून सांगा. एकाला मार्गदर्शन, दुसऱ्याला बुलडोझर!

नियम कागदावर असणे वेगळे आणि तो सर्वांना सारखा लागू होणे वेगळे, हा धडा आम्ही महाडला शिकलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे मात्र बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरून तो नियम खरा करावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि न्यायालयातला निकाल 1937 मध्ये लागला. नियम नव्हता म्हणून नव्हे, तो पाळायची इच्छा नव्हती म्हणून ही दहा वर्षे गेली.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. विकासकाला नियम जरूर समजावा, पण नकाशा मंजूर होण्याआधी, लेखी आणि एकाच ठिकाणी. म्हणजे पुढे 'माहीत नव्हते' ही सबब उरणार नाही. तीच माहिती मराठीत वस्तीच्या फलकावर लावा, म्हणजे शेजारचा नाला कोण बुजवतो आहे हे वस्तीलाही ओळखता येईल. आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यालाही जबाबदार धरा. पाणी, झाड, तिवर ही कोणाच्या बापाची मिळकत नाही. ती सर्वांची आहेत, म्हणून नियमही सर्वांना एकच हवा.