फ्रीमेसन : बंधुभाव आणि प्रवेशाची अट

गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक ही दोन साधी अवजारे एकमेकांत गुंफलेली, हे फ्रीमेसन या बंधुसंघाचे जगभर ओळखले जाणारे चिन्ह. या संघाविषयी जितके कुतूहल आहे, तितकेच गैरसमजही आहेत. कुणाला तो गुप्त धर्मपंथ वाटतो, तर कुणाला सत्ता आणि संपत्ती मिळवून देणारे मंडळ. प्रत्यक्षात हा संघ म्हणजे नैतिक आचरण, परस्पर साह्य आणि दानधर्म यांसाठी एकत्र आलेल्या पुरुषांची जुनी संघटना होय. मात्र 'सर्व मानव बंधू' असे म्हणणाऱ्या या संघात प्रवेश कुणाला, हा प्रश्न त्याच्या इतिहासात वारंवार उभा राहिला. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत लिहिला गेला.

संघाची परंपरा मध्ययुगीन युरोपातील पाथरवट आणि गवंडी यांच्या मंडळांशी नाते सांगते. पुढे बांधकामाशी संबंध नसलेले प्रतिष्ठित लोकही या मंडळांत येऊ लागले. रूढ इतिहासानुसार १७१७ साली लंडनमधील चार मंडळांनी एकत्र येऊन पहिली मध्यवर्ती संस्था, म्हणजे 'ग्रँड लॉज', स्थापन केली. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन यांनी तयार केलेली नियमावली प्रसिद्ध झाली. स्थानिक शाखेला 'लॉज' म्हणतात. सभासदाला एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन अशा तीन पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीच्या दीक्षाविधीत गवंड्याची अवजारे नीतीची प्रतीके म्हणून समजावली जातात. गुण्या सरळ वर्तनाचे, तर कर्कटक स्वतःला मर्यादेत ठेवण्याचे प्रतीक मानले जाते. गुप्तता राखली जाते ती मुख्यतः ओळखीच्या खुणा आणि विधींचा तपशील यांबाबत. लॉजचे अस्तित्व किंवा आपले सभासदत्व लपवण्याचे बंधन सामान्यतः नसते.

सभासद कोण होऊ शकतो? सर्वसाधारण नियम असा, की उमेदवार सज्ञान पुरुष असावा, त्याचे चारित्र्य चांगले असावे आणि परमेश्वरी शक्तीवर त्याची श्रद्धा असावी. तो परमेश्वर कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नाही. शपथ ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची असते. त्यामुळे भारतातील लॉजमध्ये एकाहून अधिक धर्मग्रंथ ठेवण्याची प्रथा आहे. अर्ज स्वेच्छेने करायचा असतो. दोन सभासदांनी शिफारस केल्यावर चौकशी होते आणि मग गुप्त मतदान. हे मतदान परंपरेने पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी होते. मोजक्याच काळ्या गोळ्या पडल्या तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. या ओळखीचा उपयोग व्यक्तिगत लाभासाठी करणेही नियमाविरुद्ध मानले जाते. त्यामुळे पैसे घेऊन झटपट सभासदत्व किंवा संपत्तीचे आश्वासन देणारा कुणी भेटल्यास तो अस्सल लॉजचा प्रतिनिधी नव्हे, असे खुशाल समजावे.

भारतात हा संघ १७३० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर कोलकात्यास आला. नियमात वर्णभेद नव्हता. व्यवहारात मात्र तो होता. मुंबईतील पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांना येथील युरोपीय सभासदांच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना. अखेर १८४२ साली पॅरिसमधील एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. दीक्षा घेऊन परतलेल्या सभासदाला 'बंधू' मानणे भाग होते, तरीही मुंबईतील दार सहजी उघडले नाही. तेव्हा कंपनीच्या सेवेतील डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी पुढाकार घेतला आणि १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज भारतीयांसाठी सुरू झाले. त्यात पारशी आणि मुस्लिम उमेदवारांना दीक्षा मिळू लागली. मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे सुधारक म्हणूनही माणकजी पुढे ओळखले गेले.

हिंदूंची वाट अधिक लांबली. अनेक देवदेवता मानणाऱ्याची 'एका परमेश्वरावर श्रद्धा' कशी मानायची, असा आक्षेप घेतला जाई. कोलकात्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून जगाला माहीत झालेले नरेंद्रनाथ दत्त यांनीही १८८४ साली कोलकात्यातच फ्रीमेसन दीक्षा घेतली होती. स्वातंत्र्यानंतर, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया'ची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉल या दीर्घ परंपरेची साक्ष देत आजही उभा आहे.

संघावर बाहेरूनही बंधने आली. कॅथलिक चर्चने १७३८ पासून आपल्या अनुयायांना सभासदत्वाची मनाई केली असून २०२३ मध्येही ती कायम असल्याचे स्पष्ट केले. पाकिस्तानने १९७२ मध्ये या संघावर बंदी घातली.

एक दार मात्र अद्याप बंद आहे. अँडरसन यांच्या नियमावलीने दास आणि स्त्रिया यांना प्रवेश नाकारला होता. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८४७ मध्ये 'जन्मतः स्वतंत्र' ही अट बदलून केवळ 'स्वतंत्र' अशी केली. स्त्रियांविषयीची अट मुख्य प्रवाहातील लॉजमध्ये कायम राहिली. फ्रान्समध्ये १८९३ साली स्त्री-पुरुषांचा संयुक्त संघ निघाला. १९०२ मध्ये अॅनी बेझंट त्यात दाखल झाल्या आणि त्यांच्यामुळे तो भारतातही पोहोचला. इंग्लंडमध्ये केवळ स्त्रियांचे स्वतंत्र संघही आहेत. माणकजींना दार उघडण्यासाठी वेगळे लॉज स्थापावे लागले होते. स्त्रियांच्या वाट्यालाही आजवर तोच मार्ग आला आहे. बंधुभावाच्या या जुन्या संस्थेची कसोटी तिच्या विधींपेक्षा तिच्या दाराशीच अधिक लागली, असे तिचा इतिहास सांगतो.