उंदीर, वात आणि आमची शेकोटी

गेल्या मे महिन्यात आम्ही ऑफिसातले सात जण कोकणातल्या एका किल्ल्यावर गेलो होतो. उतरायला अंधार झाला, म्हणून पायथ्याच्या गावात एका मामांच्या खळ्यात तंबू ठोकले. मामांनी पाणी दिलं, वर पिठलं-भाकरीही दिली. रात्री शेकोटी. (मे महिन्यात कोकणात शेकोटी कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. फोटोसाठी!) बाराच्या सुमारास ‘विझवून झोपा रे’ असं सांगून मी आडवा झालो. ट्रेकचा लीडर मीच होतो. अडीचला आरडाओरडा झाला तेव्हा मामांची पेंढ्याची उडवी निम्मी जळून गेली होती. अख्खं गाव कळश्या घेऊन धावलं म्हणून गोठा तरी वाचला.

सकाळी आम्ही मान खाली घालून पैसे काढले. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे घेऊन काय करू? आता पेंढा कुठे मिळतोय?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. आणि मग आठवलं की जवळपास हेच मी आधी कुठेतरी वाचलंय. शिवाजी महाराजांचं चिपळूणचं पत्र! तुम्हीही ऐकलंच असेल, निदान भाषणांतून. आपल्याकडे ते ‘भाजीच्या देठालाही हात लावू नका’ म्हणून सांगतात. खरं तर तो देठ या पत्रात नाहीच. तो १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रातला आहे. चिपळूणच्या पत्रात त्याहून बरंच काही आहे, आणि ते भाषणांत येत नाही.

पत्र १६७४ च्या वैशाखातलं, म्हणजे राज्याभिषेकाच्या साधारण महिनाभर आधीचं. (काही ठिकाणी १६७३ छापलेलं सापडेल. पण पत्रात सुहूर सन आहे, तो मृगापाशी बदलतो. हिशेब केला की वैशाख १६७४ चाच येतो.) वि. का. राजवाड्यांनी ते ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मध्ये छापलंय. लिहिलंय कोणाला? तर चिपळूण तालुक्यातल्या हलवर्ण गावी तळ ठोकून असलेल्या पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना. हलवर्ण म्हणजे आजचं दळवटणे असं मानतात.

परिस्थिती अशी. पावसाळा तोंडावर, लष्कर आता घाटावर जाण्यातला नाही, म्हणून छावणीला पाठवलेलं. पण त्याआधी चिपळुणात मुक्काम झाला आणि दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरणीचा बराचसा साठा त्यातच संपला. आसपासच्या मुलखाला त्रास झाला तो वेगळा. मग कारकुनांकडून आणि गडागडांवरून धान्य गोळा करून कशीबशी बेगमी केली. आता चार महिने एवढ्यावरच काढायचे.

इथून पुढे पत्र ज्या पद्धतीनं चालतं ना, ते पाहून मी थक्क झालो. ऑफिसात सर्व्हर पडला की आपण ‘रूट कॉज’ लिहितो, पण पडल्यानंतर. हे पडायच्या आधी लिहिलंय. आहे तोवर मनाला येईल तसा दाणा-गवत चाराल. संपलं की भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमची माणसं गावात शिरतील, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. जे कुणबी कसेबसे जीव धरून घरात राहिलेत तेही गाव सोडतील. त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. राज्याभिषेकाच्या तयारीत असलेला राजा आपल्याच सैन्याला हे लिहितोय, हे लक्षात घ्या.

आणि नुसतं ‘त्रास देऊ नका’ म्हणून थांबत नाही. खजिन्यातून तुमचा पगार वाटलेला आहे, तेव्हा लागेल ते बाजारात जाऊन रास्त भावानं विकत घ्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या शिपायाला पगारच नाही त्याला सभ्यपणा शिकवून काय उपयोग?

मग येते आग. छावणीत लाकडाचे खण उभे, शेजारी गवताच्या गंजी, वैशाखातला वारा. कोणी शेकोट्या करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. (पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू तोवर पागेपर्यंत पोचली होती तर!) रात्री दिवा जळत ठेवाल आणि उंदीर पेटती वात घेऊन जाईल. एक खण पेटला की सगळे पेटतील. पेटत्या वातीसकट पळणाऱ्या उंदराचाही विचार करणारा माणूस... काय बोलणार!

पुढचं वाक्य वाचून मात्र मी पुस्तक बाजूला ठेवलं. सगळं जळून गेल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही दम दिला, तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. म्हणजे मामा म्हणाले तेच. तिथे तलवार चालली नसती, आमच्या नोटाही चालल्या नाहीत. ऋतूच निघून गेलेला असतो.

यावर पत्रातला उपाय साधा आहे. शिपायांना नुसती ताकीद देऊन भागणार नाही. जे खासे असतील त्यांनी स्वतः हमेशा फिरत राहून चुली, शेकोट्या, दिवे बघायचे. रोजच्या रोज. कसूर झाली तर इज्जत राहणार नाही आणि रोजगारही. आमच्या तळावरचा खासा बाराला घोरत होता.

पेंढा शेवटी आम्हाला घाटावर मिळाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. टेम्पोचं भाडं पेंढ्यापेक्षा जास्त झालं. पोचवायला सातांपैकी आम्ही तिघंच गेलो. गावात शिरताना पाऊस आला आणि वरचे भारे भिजले. मामांनी भिजलेले बाजूला काढायला लावले, कोरडे गोठ्याच्या माळ्यावर चढवून घेतले, आणि मग चहा ठेवायला सांगितलं.