मुक्ती, पोटगी आणि पाल्य : हिंदू घटस्फोटाच्या कायद्याचा मागोवा



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी घटस्फोटाचा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परंतु मोडलेल्या संसाराची झळ वर्गातील बाकापर्यंत पोहोचते. फी कोणी भरायची, दाखल्यावर सही कोणाची, सुटीत मूल कोणाकडे जाणार, हे प्रश्न न्यायाधीशांच्या आधी पुष्कळदा वर्गशिक्षकांपुढे येतात. म्हणून हा विषय मी शाळेचाच मानतो.

विवाह मोडला म्हणजे तीन प्रश्न उभे राहतात : बंधनातून सुटका, पुढील निर्वाह आणि मुलांचा ताबा. आपल्या कायद्याने या तिन्हींची उत्तरे एकाच वेळी दिली नाहीत. सुटका आधी आली, निर्वाह मागून रखडत आला आणि मुलाचा विचार सर्वांत शेवटी झाला. आजच्या कुटुंबांच्या पुष्कळ अडचणी या क्रमातून निर्माण झाल्या आहेत.

घटस्फोट ही पाश्चात्त्यांची देणगी, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. परस्परद्वेष असल्यास काही प्रकारच्या विवाहांतून मोक्ष मिळू शकतो, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. आपल्याकडील अनेक जातींत काडीमोड आणि पाट या रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. दार बंद होते ते मुख्यतः उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत.

इंग्रजी अमलात या बंद दारावर नवे कुलूप चढले. रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. त्या नांदावयास जाईनात, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये ‘पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास’ असा हुकूम झाला. कारावास पत्करू, पण जाणार नाही, असे त्यांनी कळविले. अखेर १८८८ मध्ये २००० रुपये स्वीकारून दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. स्त्रीची सुटका झाली ती कायद्याने नव्हे, पैसे मोजून! पुढे डॉक्टर होऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांची सेवा केली.

आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०१ साली विधवाविवाहाचा, १९०४ साली बालविवाह-प्रतिबंधाचा आणि १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. क्रौर्य, परित्याग अशा कारणांसाठी हिंदू स्त्रीला न्यायालयात जाऊन विवाहातून मुक्त होता येऊ लागले. शेजारच्या मुंबई इलाख्याला असा कायदा करण्यास १९४७ साल उजाडावे लागले. बडोद्याच्या नागरिकांनी अभिमान बाळगावा अशीच ही घटना आहे.

तथापि, मुक्त झालेली स्त्री राहणार कोठे? एखाद्या कारकुनाचा संसार कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. वीस वर्षे पत्नीने घर चालविले, काटकसर केली, त्या शिलकीतून घर झाले. परंतु घर पतीच्या नावावर. हिंदू कायद्याच्या दृष्टीने पतीची मिळकत पतीची, पत्नीचे ते स्त्रीधन. संसार मोडल्यावर तिच्या हाती दागिने आणि पोटगीचा अर्ज, एवढेच उरते.

या बाबतीत गोव्याचा इतिहास उलट दिशेने घडला. तेथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून अमलात आला. विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मिळकत सामाईक आणि दोघांचा हिस्सा निम्मानिम्मा, हे त्याचे सूत्र. घटस्फोटाचा कायदा नंतर, पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर, ३ नोव्हेंबर १९१० रोजी झाला आणि पुढे गोव्यातही लागू झाला; त्यात परस्परसंमतीने घटस्फोटाचीही सोय होती. तेथेही मिळकतीचा कारभार पतीच्याच हाती असे, हे विसरता येत नाही. पण पत्नीच्या संमतीवाचून घर-जमीन विकण्यास मज्जाव होता. म्हणजे गोव्यातील पत्नीचा हिस्सा आधी ठरला आणि घटस्फोटाचा मार्ग मागून खुला झाला.

उर्वरित देशासाठी हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये आला. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाईंचे निधन झाले, हा योग विचार करावयास लावतो. या कायद्याने घटस्फोट दिला, दाव्याच्या काळातील आणि कायमची पोटगी दिली. परस्परसंमतीचा मार्ग मात्र १९७६ च्या दुरुस्तीने खुला झाला. निम्म्या मिळकतीचे तत्त्व यात नव्हते. पतीच्या स्थावरात पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले. लोकसभेच्या विसर्जनाबरोबर तेही बारगळले.

पोटगीची कहाणी तर अधिकच उद्बोधक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपयांची मर्यादा होती आणि ती थेट २००१ पर्यंत टिकली! महागाई वाढत गेली, रक्कम तेथेच राहिली. पती उत्पन्न लपवितो आणि पत्नी ते सिद्ध करू शकत नाही, ही नेहमीची अडचण. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक ठरविले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सांगितले. कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

आता मूल. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार पिता हयात आणि लायक असता न्यायालयाने दुसरा पालक नेमू नये, असा दंडक होता. १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ ठेवले, मुलाचे हित सर्वोपरी मानले. तरीही नैसर्गिक पालक म्हणून ‘पिता आणि त्याच्यानंतर माता’ हाच क्रम राखला. लेखिका गीता हरिहरन यांच्या दाव्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्याच्या अनुपस्थितीत, असा अर्थ लावला. १८९० च्या कायद्यात पित्याच्या जोडीला ‘माता’ हा शब्द येण्यास २०१० साल उजाडले. एका शब्दासाठी एकशेवीस वर्षे!

या इतिहासातून बोध काय घ्यावा? संसार सुरळीत असतानाच घराचे कागद, बँकेचे खाते, विम्याची पॉलिसी ही पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावीत. संमतीने वेगळे होणाऱ्यांनी मुलाची शाळा, आजारपण आणि सुट्या यांची तजवीज लेखी करावी. आणि आईबापांच्या हिशेबातील देण्या-घेण्यासाठी मुलाला ओलीस धरू नये.

शाळेकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्या प्रगतिपुस्तकात पालकाच्या सहीचा एक रकाना असतो. तेथे आईची सही वडिलांच्या सहीइतकीच ग्राह्य मानावी आणि घरातील तंट्याचा उच्चार वर्गात होऊ देऊ नये. त्यासाठी कोणत्याही विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.