मरफा : बरखास्त फौजेचा ठेका

नांदेड-देगलूर-बिदर या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबादचे लग्न नवे नाही. मुलगी तिकडे दिलेली असते, नाहीतर तिकडून आणलेली. रात्री जुन्या शहरातून स्टेशनकडे निघावे तर वरात आडवी येते. पुढे आठदहा माणसे, कुणाच्या गळ्यात ढोल, कुणाच्या हातात डफ, कुणी स्टीलची घागर काखेत धरून ती लाकडी थापीने बडवतो आहे. नाचणाऱ्यांच्या हातांत काठ्या, क्वचित खोटे खंजीर. रिक्षावाला निमूटपणे इंजिन बंद करतो. घाईत असलेला माणूसही दोन मिनिटांनी पाय हलवू लागतो. हाच हैदराबादचा मरफा.

मरफा हे मुळात नगाऱ्याच्या जातीच्या एका वाद्याचे नाव. पुढे त्या वादनालाच ते चिकटले. ते आले येमेनच्या हद्रमौत भागातून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, शिपायांच्या पाठोपाठ. हे शिपाई आपल्यालाही परके नव्हते. 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब लढले. 1818 मध्ये मालेगावचा किल्ला अरबांनीच लढवला. 1819 साली हदगावजवळच्या नोव्याच्या गढीत नौसाजी नाईकांबरोबरही अरब होते. मराठी दरबार संपले तशी यांतल्या अनेकांनी निजामाच्या चाकरीची वाट धरली. त्यांच्यातले काही फार वर चढले. निजामाच्या फौजेतला एक जमादार उमर बिन अवद अल-कुऐती याने इथल्या पैशावर तिकडे हद्रमौतमध्ये राज्य उभे केले, आणि ते 1967 पर्यंत टिकले. मराठवाड्यात ज्यांचे आडनाव चाऊस आहे त्यांनी आपल्या आडनावाकडे जरा निरखून पाहावे. तो तुर्की फौजेतला एक हुद्दा आहे.

अरबांच्या जोडीला सिद्दी होते. वनपर्तीच्या संस्थानिकाने बाळगलेले हबशी घोडदळ पुढे निजामाकडे गेले आणि 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स' म्हणून नावारूपाला आले. त्यांची वस्ती आजही ए. सी. गार्ड्स याच नावाने ओळखली जाते. अरबांची वस्ती बारकस, म्हणजे बराकीच. छावणीत संध्याकाळी जे वाजत होते ते निजामाला आवडले आणि मग ते अमीर-उमरावांच्या लग्नांत वाजू लागले.

ठेक्याबद्दल थोडे. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांचा. आयर्लंडमधल्या खेड्यांत फिडलवर वाजणारी 'जिग' नावाची नाचाची चालही मोजायला अशीच, सहाची. माझ्या कानाला मरफाही याच घरातला वाटतो. फरक असा की दादरा झुलवतो, मरफा ढकलतो. एकजण मूळ ठोका धरून बसतो, दुसरा त्याच्या मधल्या जागा भरतो, घागरवाला या दोघांच्या डोक्यावर आपले टणत्कार पेरतो. तीन मोजायचे की दोन, हे पायाने ठरवायचे. सुरुवात बेताची असते, मग लय चढत जाते. कागदावर यातले काहीच नाही. त्यामुळे एका जथ्याचा मरफा दुसऱ्यासारखा नसतो. घागर तर खास दख्खनी भर असावी असे मला वाटते. पाणी भरायचे भांडे वाजवायला घेण्याची बुद्धी आपल्याकडचीच.

सप्टेंबर 1948 मध्ये हे सगळे एका आठवड्यात पालटले. 13 तारखेला पोलिस ॲक्शन सुरू झाली, 17 ला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि केलाच पाहिजे. रझाकारांचे दिवस आपल्या आजीआजोबांनी सोसलेले आहेत. परंतु त्याच दिवशी चाऊस मंडळींची चाकरी गेली हेही खरे. अरबांची हत्यारे काढून घेण्यात आली, अनेकांना छावण्यांत ठेवण्यात आले, काहींना जहाजात बसवून परत पाठवले. जन्म इथला आणि रवानगी आजोबांच्या गावी! सिद्दींची पलटणही 1951 मध्ये मोडली. मागे राहिलेल्यांनी मिळेल ते काम धरले. हाताशी होता तो ठेका. दरबारात वाजायचा तो आता सुपारी घेऊन वाजू लागला, आणि एकदा सुपारीवर आल्यावर तो कुणा एकाचा राहिला नाही.

मुसलमानी लग्नापुरता असलेला मरफा आता बोनालूत वाजतो, राजकीय मिरवणुकीत वाजतो, गणपती विसर्जनालाही वाजतो. तेलंगणाच्या डप्पूवर वाजणारा 'तीनमार' वेगळ्या घराण्याचा. पण रस्त्यावर दोघांची इतकी सरमिसळ झाली आहे की वाजवणाऱ्याला विचारले तरी तो हसतो. जाणकार याला भेसळ म्हणतात. असो. खरी धास्ती दुसरीच आहे. ट्रकवरच्या डीजेत मरफाचा ठेका भरलेला असतो, बटण दाबले की सुरू. त्याला आठ माणसे लागत नाहीत, आणि वरात पुढे सरकली नाही म्हणून तो लय उतरवतही नाही. जुन्या शहरात अजून तरी नवरदेवाच्या घोड्यापुढे घागर काखेत घेतलेला माणूस दिसतो. ट्रक मागून येत असतो.