रोझमेरीची साक्ष

एखाद्या कलाकृतीचें परीक्षण करतांना टीकाकार तिच्याविषयीं जितकें सांगतो, तितकेंच तो नकळत आपल्या काळाविषयींहि सांगून जातो. रोमन पोलान्स्की यांचा 'रोझमेरीज् बेबी' हा चित्रपट १९६८ च्या जूनमध्यें अमेरिकेंत प्रदर्शित झाला. त्याजवरील टीकेचा इतिहास या दृष्टीनें उद्बोधक आहे.

आयरा लेव्हिन यांच्या १९६७ सालच्या कादंबरीवरून घेतलेलें कथानक असें: न्यूयॉर्कमधील एका जुन्या इमारतींत रोझमेरी व तिचा नट असलेला पति बिऱ्हाड करतात. तिला दिवस जातात. शेजारचें वृद्ध दांपत्य तिच्यासाठीं डॉक्टर ठरवितें, रोज एक पेय आणून पाजतें. तिला असह्य कळा येत असतां हा डॉक्टर, पुस्तकें वाचूं नका, मैत्रिणींचें ऐकूं नका, असें बजावितो. आपण सैतानाच्या उपासकांच्या जाळ्यांत सांपडलों, या संशयानें ती दुसऱ्या डॉक्टरकडे धांव घेते. पण तो तिला भ्रमिष्ट समजून पतीच्याच स्वाधीन करतो.

पहिल्या टीकेचा रोंख धर्माकडे होता. अमेरिकेंतील कॅथॉलिक चित्रपट-संस्थेनें चित्रपट निषिद्ध ठरविला. ब्रिटिश सेन्सॉरनें कांहीं भाग कापला. वृत्तपत्रीय परीक्षकांत रॉजर ईबर्ट यांनीं मुक्तकंठानें प्रशंसा केली. रेनाटा ॲडलर यांना त्यांतील भय पुरेसें परिणामकारक वाटलें नाहीं. शेजारणीच्या भूमिकेबद्दल रूथ गॉर्डन यांना ऑस्कर मिळालें. वाद झाला तो सैतानाविषयीं. गर्भवतीविषयीं फारसा झाला नाहीं.

पुढें ही दृष्टि पालटली. १९७३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि स्त्रीच्या देहावर सत्ता कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९९२ सालीं ल्यूसी फिशर यांनीं आपल्या निबंधांत हा चित्रपट गर्भारपणाच्या भीतीचें चित्र म्हणून वाचला. २०२२ सालीं त्याच न्यायालयानें तो हक्क काढून घेतला. तेव्हां हें वाचन जुनें झालें असें कोणीं म्हणावें? मात्र रोझमेरी स्वतः गर्भपाताला साफ नकार देते, हें विसरतां कामा नये. तिला मूल हवें आहे. नको आहे ती इतरांची मालकी.

दिग्दर्शकाच्या चरित्रानें या टीकेंत आणखी एक गुंता निर्माण केला. १९७७ सालीं एका अल्पवयीन मुलीशीं केलेल्या गुन्ह्याची पोलान्स्की यांनीं न्यायालयांत कबुली दिली आणि १९७८ सालीं ते अमेरिकेंतून पळून गेले. गुंगीचें औषध देऊन स्त्रीवर झालेला अत्याचार ज्या कथेच्या मुळाशीं आहे, ती कथा अशा मनुष्यानें सांगितली, ही गोष्ट कोणत्याहि प्रामाणिक वाचकाला बोंचल्यावांचून राहत नाहीं. तथापि तेवढ्यावरून कथेंतील स्त्रीची साक्ष खोटी ठरत नाहीं.

पोलान्स्की यांनीं बालक पडद्यावर दाखविलेंच नाहीं. सारा प्रकार रोझमेरीच्या मनाचा खेळ असूं शकेल, अशी फट त्यांनीं हेतुपूर्वक ठेविली. पुष्कळ टीकाकार या फटीपाशींच अडले. माझ्या मतें तो प्रश्न गौण आहे. सैतान वगळला तरी काय उरतें? पतीनें केलेला सौदा, दुखणें नाकारणारा वैद्य, आणि विश्वासानें सांगितलेली हकीकत शत्रूच्या कानीं घालणारा दुसरा वैद्य. तिचें म्हणणें खरें ठरण्यासाठीं सैतानाची साक्ष काढावी लागावी, हीच या कथेंतील खरी भयंकर गोष्ट होय.