बहुपर्यायी शाखन-विधान : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमात 'स्विच' विधान हे लांबलेल्या 'इफ-एल्स' साखळीचे संक्षिप्त रूप म्हणून शिकविले जाते. सी भाषेत विद्यार्थी 'ब्रेक' लिहावयास विसरला, की जुळलेल्या पर्यायापाठोपाठ पुढील पर्यायही कार्यान्वित होतात. ही चूक निष्काळजीपणात जमा केली जाते. तिचे मूळ मात्र या विधानाच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उडीची परंपरा

१९५७ साली आयबीएम ७०४ संगणकासाठी उपलब्ध झालेल्या फोरट्रान भाषेतील 'इफ' विधान त्रिमार्गी होते. राशी ऋण, शून्य वा धन असता कोणत्या क्रमांकाच्या विधानाकडे जावयाचे, एवढेच ते सांगे. अल्गोल ६० मधील 'स्विच' हीसुद्धा उडीच्या ठिकाणांची यादीच होती. उडी घेतल्यानंतर योग्य जागी परतण्याची जबाबदारी सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असे.

निवडीची परंपरा

१९६४ साली टोनी होअर यांनी 'केस' रचना सुचविली. अनेक पर्यायांपैकी एकच निवडावा व तो पूर्ण होताच रचनेबाहेर यावे, हे तिचे तत्त्व. अल्गोल डब्ल्यू भाषेत पर्याय त्याच्या क्रमावरून ओळखला जाई. निकलाउस विर्थ यांच्या पास्कलमध्ये (१९७०) प्रत्येक पर्यायास मूल्याची खूण मिळाली. 'गो-टू'विरुद्धच्या १९६८ मधील प्रसिद्ध पत्रात डायक्स्ट्रा यांनीही होअर यांच्या या रचनेचा उल्लेख केला आहे.

सी भाषेतील संकर

डेनिस रिची यांच्या सी भाषेचा वंश बीसीपीएल व बी या भाषांकडून येतो. तिच्यात 'केस' हा शब्द निवडीच्या परंपरेतील असला, तरी वर्तन उडीचे आहे. 'केस' ही केवळ प्रवेशाची खूण असून बाहेर पडण्यासाठी 'ब्रेक' स्वतंत्रपणे लिहावा लागतो.

या संकराची किंमत अनुभवी व्यावसायिकांनीही मोजली आहे. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची दूर पल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास विस्कळीत झाली. 'स्विच'मधील 'इफ' खंडात चुकीच्या जागी पडलेला 'ब्रेक' हे त्यामागील कारण होते. पुढे गो भाषेने (२००९) पर्यायाअंती आपोआप बाहेर पडण्याचा नियम स्वीकारला. जावाच्या चौदाव्या आवृत्तीत (२०२०) बाणचिन्हाचा पर्यायी प्रकार प्रमाणित झाला.

निष्कर्ष

सी शिकविताना 'स्विच'ची ओळख 'इफ-एल्स'चा संक्षेप म्हणून न करता खुणेकडे घेतलेली उडी म्हणून करून द्यावी. महिन्याचे दिवस काढण्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरते. एप्रिल, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर यांच्या खुणा एकाखाली एक लिहून तीस दिवसांचे विधान एकदाच देता येते. तेथे मध्ये 'ब्रेक' का नाही व शेवटी का हवा, हे उमगलेला विद्यार्थी नियम पाठ करणार नाही. त्याला त्यामागील कारण ठाऊक असेल. परीक्षेत 'ब्रेक'अभावी गुण कापण्यापूर्वी हे कारण आपण वर्गात सांगितले होते काय, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारणे न्याय्य ठरेल.